हरणासाठी गोळी निवडताना: चार डबे, सात हंगाम

माझ्या तळघरातल्या टेबलावर सध्या तीन डबे आहेत. हॉर्नेडीची १५० ग्रेनची इंटरलॉक, नॉस्लरची १६५ ग्रेनची पार्टिशन आणि बार्न्सची १३० ग्रेनची टीटीएसएक्स. चौथाही एक डबा होता. त्यातल्या उरलेल्या गोळ्या मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, कागदावर झाडून संपवल्या आणि तो पुन्हा आणला नाही. का, ते पुढे येईलच.

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या तीन मराठी घरांतून एकच प्रश्न आला: "यंदा पहिल्यांदा हरणाच्या सीझनला जातोय, गोळी कुठली घेऊ?" फोनवर सांगायला गेलं की अर्धा तास जातो आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी फार्मसिस्ट आहे, उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात. रायफल साधी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची; काडतूस .३०८ विंचेस्टर मापाचं, नळी २२ इंची. सात हंगामांत दहा हरणं मिळाली, सगळी पांढऱ्या शेपटीची. इथलं रान म्हणजे ओक, बीच, हेमलॉक आणि खाली कंबरभर लॉरेलची झुडपं. लांबचं काही दिसतच नाही. माझा सगळ्यात लांबचा बार १७० यार्डांवरचा, सगळ्यात जवळचा पस्तीस पावलांवरचा आणि बाकीचे ६० ते १०० यार्डांमधले. मी जे सांगणार आहे ते या रानापुरतं खरं आहे. मोंटॅनाच्या उघड्या माळावर चारशे यार्डांवरून बार टाकणाऱ्याने माझं ऐकू नये.

शब्दांचा घोळ आधी सोडवते. आपण मराठीत अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथे मी गोळी म्हणते ती फक्त पुढची, नळीतून बाहेर पडून हरणापर्यंत जाणारी. तिच्यामागे पितळी केस, केसमध्ये दारू आणि बुडाला प्रायमर. लांज्याजवळच्या आमच्या गावात आजोबांकडे शेतीराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू वेगळी, गोळी वेगळी, टोपी वेगळी, आणि गजाने सगळं ठासायचं. रानडुकरं भातात शिरली की आजोबा बहुतेक वेळा हवेतच बार काढायचे. त्यामुळे पहिल्यांदा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये मी काडतूस भरताना पाहिलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. टोपीचं नाव तेवढं प्रायमर झालं होतं.

आणि ग्रेन तर माझ्या धंद्यातलंच माप. अ‍ॅस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे जुन्या हिशेबात पाच ग्रेन. एका पौंडात ७००० ग्रेन. १५० ग्रेनची बुलेट म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, आपल्या तोळ्यापेक्षा थोडी कमी. हरणाच्या बाबतीत सगळा भरवसा एवढ्याशा धातूवर असतो. रायफल, दुर्बीण, बूट, केशरी जाकीट यांवर माणसं हजार-दोन हजार डॉलर घालतात आणि गोळी मात्र दुकानात जी समोर दिसेल ती उचलतात. मला हे पटत नाही.

गोळीकडून नेमकं काय हवं? हरणाच्या छातीत शिरल्यावर ती फुलली पाहिजे, म्हणजे टोक मागे वळून तिचा व्यास जवळपास दुप्पट झाला पाहिजे. पण फुलताना तिचे तुकडे होऊन चालणार नाहीत. फुप्फुसांपलीकडे जाऊन, जमल्यास दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याइतकं वजन शिल्लक राहिलं पाहिजे. न फुलणारी लष्करी धाटणीची गोळी भोक पाडून निघून जाते आणि जनावर तासन् तास हाल होत फिरतं. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी ती कायद्यानेही चालत नाही. उलट टोकाची, पातळ आवरणाची गोळी वरवरच फुटते. चांगली गोळी या दोन्हींच्या मधली.

यात सगळा खेळ आदळतानाच्या वेगाचा आहे. माझ्या रायफलमधून १५० ग्रेनची इंटरलॉक सेकंदाला २७६० फुटांनी निघते. शंभर यार्डांवर तो वेग साधारण २५०० उरतो आणि दोनशेवर २३००च्या आत-बाहेर. शिशाच्या गाभ्याच्या बहुतेक शिकारी गोळ्यांना फुलायला किमान १८०० च्या आसपास वेग लागतो. म्हणजे माझ्या रानात गोळी न फुलण्याची भीती जवळजवळ नाहीच. भीती आहे ती जवळून, जोरात, हाडावर आदळून फुटण्याची. पण डब्यावरचे मोठे आकडे सगळे लांबच्या बारासाठी असतात. बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवा कापत वेग टिकवण्याचा आकडा, .३३८ असो की .५००, १७० यार्डांवर गोळी किती खाली येते यातला फरक एका इंचाच्याही आत राहतो. त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला माझ्या रानात काही कारण नाही.

हे मला शिकवलं त्या चौथ्या डब्याने. तिसरा हंगाम, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, म्हणजे रायफलच्या सीझनचा पहिला दिवस. रात्री बर्फ पडून गेलं होतं. गोळी होती प्लॅस्टिकच्या टोकाची, पातळ आवरणाची, आणि रेंजवर तर अप्रतिम: शंभर यार्डांवर पाच बार पाऊण इंचात. सकाळी आठच्या सुमारास एक मादी लॉरेलमधून थेट माझ्यासमोर आली, पस्तीस पावलांवर, थोडी तिरकी उभी. मी खांद्यावर नेम धरला आणि बार टाकला. ती पडली, उठली आणि झुडपात शिरली. बर्फावर रक्त होतं, पण थेंब थेंब. अर्धा तास थांबून मी शेजारच्या आजोबांना फोन केला आणि आम्ही दोघं मागावर निघालो. साडेतीन तासांनी ती एका पडलेल्या हेमलॉकच्या आडोशाला बसलेली सापडली. जिवंत होती. दुसरा बार मला दहा पावलांवरून टाकावा लागला.

सोलताना दिसलं ते असं: पुढच्या फऱ्यावर तळहाताएवढा खड्डा, त्यात हाडाचा चुरा आणि तांब्याच्या कपच्या, आणि छातीच्या पिंजऱ्यात जेमतेम दोन किरकोळ तुकडे. गोळी खांद्याच्या सांध्यावरच फुटून गेली होती. तो अख्खा फरा टाकून द्यावा लागला. माझा नेम जिथे धरला तिथेच लागला होता, म्हणून तर ती गोष्ट मनातून जात नाही. त्या जनावराचे साडेतीन तासांचे हाल माझ्या खरेदीमुळे झाले. त्या रात्री मी कंपनीचं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. ती गोळी लांबच्या, मंदावलेल्या वेगासाठी होती. मी ती पस्तीस पावलांवर वापरली.

नॉस्लर पार्टिशनचा जन्म अशाच एका फसलेल्या बारातून झाला, हे मला नंतर कळलं. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे तिकडच्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीला गेले होते. मूसच्या अंगावर चिखल वाळलेला होता आणि त्यांच्या गोळ्या खांद्यावर फुटून आत जाईनात. घरी येऊन त्यांनी गोळीचं आवरण असं बनवलं की मध्ये तांब्याचीच एक आडवी भिंत राहील. पुढच्या कप्प्यातलं शिसं फुलून झडलं तरी भिंतीमागचा कप्पा शाबूत राहतो आणि पुढे जातो. १९४८ पासून ती विकली जाते आहे. पंचाहत्तरहून अधिक वर्षं एखादी गोळी बाजारात टिकते, त्याला कारण असतं.

माझ्याकडची १६५ ग्रेनची पार्टिशन मी मोठ्या नरासाठी आणि दाट झाडीच्या टेकडीसाठी राखून ठेवते, जिथे तिरका बार टाकायची वेळ येऊ शकते. दोन हरणं तिने पडली, दोन्ही वेळा गोळी पलीकडून बाहेर. कागदावर ती माझ्या रायफलमधून दीड इंचाचा गट देते, म्हणजे सगळे बार दीड इंचाच्या आत पडतात. रेंजवरचे लोक त्याला नाकं मुरडतात. हरणाच्या छातीतली मर्मजागा आठ इंचांची आहे. दीड इंच मला पुरतो. तक्रार एवढीच की पन्नासच्या डब्याला जे मोजावं लागतं त्यात इंटरलॉकच्या शंभर येतात आणि वर पैसे उरतात.

आता इंटरलॉक. साधी गोळी: तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, आत शिसं, टोकाला शिसं उघडं. वेगळेपण एकच, आवरणाच्या आतल्या अंगाला एक उंचवटा आहे, कड्यासारखा, जो शिशाच्या गाभ्याला धरून ठेवतो. नाव त्यावरूनच. दहापैकी चार हरणं याच गोळीने पडली. सगळ्यात लांब गेलेलं साठ पावलं गेलं, एक जागच्या जागी बसलं. मी दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन पाण्याने भरून, ओळीत ठेवून, पन्नास यार्डांवरून बार टाकून बघते. इंटरलॉक चौथ्या कॅनमध्ये सापडली, अळंबीसारखी फुललेली, वजन १०४ ग्रेन. म्हणजे दोन तृतीयांशाहून थोडं जास्त शाबूत. पार्टिशन सहाव्या कॅनमध्ये, १६५ पैकी ११२. पाण्याचे कॅन म्हणजे हरीण नव्हे, त्यात हाड नाही, कातडं नाही. पण तीन गोळ्या एकाच मापाने तोलायला ते बरे पडतात.

कोणी पहिल्यांदाच जाणार असेल आणि दोनशे यार्डांच्या आतलं रान असेल, तर माझं उत्तर हेच: साधी, गाभा धरून ठेवणारी, मध्यम वजनाची गोळी. घरी भरत नसाल तर याच धाटणीची तयार काडतुसं मिळतात. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून मिळते आहे आणि पेनसिल्व्हेनियातल्या कितीतरी घरांत बापाने मुलाच्या हाती तीच दिलेली आहे.

मग मी स्वतः टीटीएसएक्सकडे का वळले? त्याचं कारण घरातल्या ताटात आहे.

आमच्याकडे हरणाचं मटण वर्षभर पुरवून खातात. पाठीचे तुकडे तव्यावर, मांड्यांचा रस्सा भाजक्या खोबऱ्याच्या वाटपात, आणि उरलेल्या सगळ्याचा खिमा. मुलं खिमा-पाव आवडीने खातात. शिशाची गोळी फुलते तेव्हा झडलेलं वजन कुठे जातं? १५० मधले ४६ ग्रेन, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम शिसं, बारीक कणांच्या रूपात मांसात पसरतं. बरेच कण डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि तो वाटू नका असं तिथल्या आरोग्य खात्याने अन्नछत्रांना सांगितलं. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरते. दुकानात येणाऱ्या आयांना मी जुन्या घरांच्या रंगातल्या शिशाबद्दल बजावते आणि संध्याकाळी स्वतःच्या पोरांना तोच धातू खिम्यातून वाढते, हे मला सहन होईना. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. पेनसिल्व्हेनियात तशी सक्ती नाही. मी माझ्यापुरती केली.

टीटीएसएक्स अख्खी तांब्याची. टोकाला पोकळी, त्यावर निळं प्लॅस्टिक, अंगावर खाचा. फुलते तेव्हा चार पाकळ्या मागे वळतात आणि बहुतेक वेळा एकही तुटत नाही. कॅनमधून काढलेली माझी गोळी भरली १२९.६ ग्रेन, मूळ १३०. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तांब्याची गोळी घेताना वजनात एक पायरी खाली यावं. वजन टिकतंच, आणि हलकी गोळी वेगाने जाते. माझी २९८० ने निघते. तांब्याला फुलायला वेग लागतो, तो असा मिळतो.

तिच्या स्वभावाप्रमाणे नेम थोडा बदलावा लागतो. तांब्याची गोळी सरळ, अरुंद वाट काढत जाते. शिशासारखं आजूबाजूला फारसं फाडत नाही. म्हणून मी आता पुढच्या पायामागच्या फासळ्यांवर न धरता पुढच्या पायाच्या रेषेतच धरते. तिने तीन हरणं मिळाली, तिन्ही वेळा आरपार, आणि फऱ्याचं मटण टाकून द्यावं लागलं ते मूठभरच.

भरणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. दारूचं माप मी इथे देणार नाही. ते ज्या-त्या गोळीच्या कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावं, खालच्या मापापासून सुरू करून, अर्ध्या ग्रेनहूनही लहान पायऱ्यांनी. १५० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचं माप १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला कधीही वापरू नका. लांब गोळी केसमध्ये खोल जाते, दारूची जागा खाते आणि दाब वाढतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. माझ्या दुकानातही एका वेळी एकच बाटली उघडी असते, ती सवय इथे उपयोगी पडली. मापं भरून झाली की पन्नासही केस ट्रेमध्ये उभ्या ठेवून टॉर्चने आत बघायचं, दारूची पातळी सगळीकडे एकसारखी दिसते ना. ज्या केसमध्ये दारूच पडलेली नाही तिची गोळी नळीत अडकते, आणि त्यामागून सुटलेला दुसरा बार रायफल फोडतो.

तांब्याच्या गोळीला नळीतल्या आट्यांपासून, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा सुरू होतात तिथपासून, थोडं लांब बसवावं लागतं. पहिल्या वर्षी मी ती इंटरलॉकसारखीच जवळ बसवली आणि अडीच इंचांचा गट पाहून खट्टू झाले. चूक माझी होती. बार्न्सचा स्वतःचा सल्ला ०.०५० इंचापासून सुरू करण्याचा आहे. तेवढं मागे घेतलं आणि गट इंचाच्या आत आला. आणि शिशाच्या गोळ्या मारल्यानंतर तांब्याच्या मारायच्या असतील तर आधी नळी मनापासून साफ करा, पांढऱ्या कापडावर निळा डाग येईनासा होईपर्यंत.

घरी भरून पैसे वाचतात का? माझे वाचले नाहीत. २०२० नंतर दीड-दोन वर्षं प्रायमर मिळतच नव्हते, तेव्हा मी एका सीझनला जेमतेम तीस काडतुसं भरली. पण जी गोळी हवी ती, माझ्या रायफलला मानवेल त्या खोलीवर बसवून मिळते, आणि प्रत्येक काडतूस माझ्या हातून गेलेलं असतं.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. एच-वन बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे; वैध शिकारी परवाना असेल तर सवलत आहे. आणि त्या कायद्यात काडतूस या शब्दात नुसती गोळी, नुसती केस, प्रायमर आणि दारूही येते. "मी काय फक्त गोळ्यांचा डबा घेतला" असं म्हणून सुटका नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले. पहिल्या परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स करावाच लागतो, तो आवर्जून प्रत्यक्ष वर्गात बसून करा. आणि रायफलच्या सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी रंग अंगावर हवा.

यंदासाठी मी टीटीएसएक्सची वीस काडतुसं भरून ठेवली आहेत, डब्यावर तारीख आणि माप लिहून. इंटरलॉकचा डबा रेंजच्या सरावासाठी आहे, आणि शेजारच्या आजोबांसाठी. त्यांचं वय आता एक्क्याऐंशी आहे, काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा त्यांना ओढवत नाही. त्यांना तांब्याचं पटत नाही आणि मी आग्रह करत नाही. त्यांची दहा काडतुसं रविवारी भरायची आहेत.